मुक्काम साक्री, तापमान उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार. सुरत-धुळे महामार्गावरच्या साक्रीत या वेळी कुत्रीसुद्धा उभ्या ट्रकची सावली बघून अंग टाकतात आणि उन्हात राहिलेला पाना फडक्याशिवाय उचलता येत नाही. अशा दुपारी एका गॅरेजच्या पत्र्याखाली सात-आठ माणसं एका मोबाईलवर डोकी घालून उभी आहेत. मोबाईल सांगतोय, समोरच्या मोटारीच्या इंजिनातलं पाणी उणे चाळीस अंश सेल्सिअसवर आहे.

कोणी हसत नाही. मिस्तरी मोबाईलची काच बनियनला पुसून पुन्हा बघतो. उणे चाळीसच. गाडीचे मालक, ज्यांना गॅरेजातले सगळे नाना म्हणतात, खात्री करून घ्यायला बॉनेटवर तळहात टेकवतात आणि तितक्याच घाईनं उचलतात.

"इंजिन नवं शे नाना, बठ्ठं बराबर शे," मिस्तरी म्हणतो.

नवं याचा अर्थ काल संध्याकाळी बसवलेलं. ज्या तालुक्यात महानिर्मितीनं शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला, त्या तालुक्यात ऊन आहे की नाही याबद्दल सरकारलाही शंका नव्हती. शंका फक्त या मोटारीला आहे. असा देखावा एकट्या साक्रीची मिरास मात्र नाही. इंजिन बदललेली गाडी जिथे जिथे उभी आहे, तिथे तो दिसतो: नंदुरबारला दिसतो, मालेगावला दिसतो, चाळीसगावला तर आकडा गावाच्या नावातच आहे.

उणे चाळीस हा आकडा येतो कुठून, हे कळलं की अर्धी गंमत कळते. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर ही पितळी टोपीत बसवलेली एक साधी वस्तू आहे. थंडीत तिचा रेझिस्टन्स वाढतो, उष्णतेत कमी होतो. गाडीचा कॉम्प्युटर, गॅरेजच्या भाषेत ईसीएम, तिच्याकडे पाच व्होल्ट पाठवतो आणि तिकडे किती दाब उरला यावरून ताप ओळखतो. आता कपलर निघालेला असेल किंवा तार तुटलेली असेल, तर रेझिस्टन्स अनंत, आणि म्हणून थंडीही अनंत. पण अनंत थंडी स्कॅनरला सांगता येत नाही. तिथला ठराव असा, की गाडीनं शून्य ते २५५ यांतला एक आकडा पाठवायचा आणि वाचणाऱ्यानं त्यातून चाळीस वजा करायचे. गाडी शून्य पाठवते, वजा चाळीस, उत्तर उणे चाळीस. "मला काहीच कळत नाही" हे वाक्य मोटार असं उच्चारते. सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे दोघे आयुष्यात एकदाच, नेमके याच आकड्यावर एकत्र येतात, त्यामुळे स्कॅनर अमेरिकन पद्धतीवर टाकूनही नानांना दिलासा मिळत नाही.

कॉम्प्युटरचा मात्र या आकड्यावर गाढ विश्वास असतो. गाडी डिझेलची, त्यामुळे चावी फिरवली की हिटर प्लगचा वेटोळ्याचा दिवा लागतो आणि विझायचं नाव घेत नाही, कारण एवढ्या थंडीत इंजिन चालू कसं होणार? त्याच कॉम्प्युटरला दुसरंही शिकवलेलं असतं: तापमानाचा सेन्सर बोलत नसेल तर धोका पत्करू नये, रेडिएटरचा पंखा फुल्ल सोडावा. मग एका हातानं शेगडी पेटवणं आणि दुसऱ्या हातानं वारा घालणं असा दुहेरी कार्यक्रम सुरू होतो. बॅटरी बिचारी दोघांचाही खर्च उचलते.

नानांच्या गाडीचं मूळ इंजिन कोंडाईबारी घाटात गेलं. इंजिन आणि माणूस या दोघांसाठी मराठीत 'गेलं' हे एकच क्रियापद आहे, आणि दोन्ही प्रसंगी भेटायला येणारे "कसं काय झालं?" असंच विचारतात. झालं असं, की विसरवाडी सोडल्यावर पाण्याचा पाइप फुटला, काटा वर चढला, आणि चालवणाऱ्यानं हिशेब केला की पाणी संपलंय खरं, पण दहिवेलही आता लांब नाही. खानदेशातली निम्मी इंजिनं या हिशेबात गेली आहेत. हेड वाकलं, पिस्टन धरले, गाडी टोचन करून साक्रीत आली. दुरुस्तीचा आकडा ऐकून नानांनी बैठक मारली आणि ठरलं, की सुरतेहून भंगारातलं फुल इंजिन आणायचं.

इंजिन मिळणं अवघड नव्हतं. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन २००३ साली युरोपात आलं आणि पुढे भारतात इतक्या गाड्यांत शिरलं, की वाहनवेड्या मंडळींनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' अशी पदवीच देऊन टाकली. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये तेच, टाटांच्या विस्टात तेच, फियाटच्या लिनिया-पुंतोत तर असणारच, आणि चिंचवडच्या प्रीमियरच्या रिओतही तेच. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला, म्हणजे अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावीही ते तयार होत असे. तेव्हा नानांनी निष्कर्ष काढला, की आत एकच मूर्ती आहे, फक्त देवळं वेगळी.

मूर्ती एक असली तरी पूजा वेगळी असते. याच १२४८ सीसीचा एक अवतार ७५ अश्वशक्तीचा, साध्या टर्बोचा. दुसरा ९० अश्वशक्तीचा, ज्याच्या टर्बोची पाती कॉम्प्युटर हलवतो. शिवाय एक भानगड सरकारी आहे. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक देशात फक्त १३ शहरांना लागू झालं. त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर होती, आणि सुरत होती. बाकीचा देश तिसऱ्या इयत्तेत बसला. चौथी सगळ्यांना लागू झाली ती १ एप्रिल २०१७ ला, आणि १ एप्रिल २०२० ला पाचवीची परीक्षाच न घेता सगळ्यांना सहावीत ढकललं. २०१० ते २०१७ या सात वर्षांत एकाच महामार्गाच्या दोन टोकांना दोन इयत्तांच्या गाड्या विकता येत होत्या. नानांची गाडी तिसरीतली, आणि सुरतेचं इंजिन चौथी पास. बाहेरून बघितलं तर दोघांचा गणवेश एकच.

इंजिन बसायला एक दिवस लागला. चेन पुली, चार माउंटिंग, गिअरबॉक्स, शाफ्ट. मिस्तरी याच कामात वाढलेला. सायंकाळी पावणेसातला शेवटचा नट आवळून त्यानं हात रॉकेलनं धुतले आणि घरी गेला. काम संपलं, असं त्याला वाटलं, यात त्याची चूक नाही. त्याच्या वडिलांच्या काळात काम इथेच संपत असे.

तो काळ इंजिनांच्या सोयरिकींचा होता. पेट्रोलची जीप नाक्यावर विकायला आली, की तिच्यातलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन टाकायचं, मग ते प्यूजोच्या परवान्यावर महिंद्रानं बनवलेलं असो की मॅटॅडोरमधून उतरवलेलं असो. डिझेल आत, हवा आत, धूर बाहेर, एवढ्यावर गाडी खूश. हिंदुस्तान मोटर्सनं तर नव्वदच्या दशकात स्वतःच ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन बसवून विकलं. त्या इंजिनांना ठोठावून, कान लावून, धुराचा रंग बघून आजार सांगणारे मिस्तरी पिंपळनेरपासून निजामपूरपर्यंत होते. काळा धूर तर डिझेल जास्त, निळा तर ऑइल जळतंय, पांढरा तर हेडमधून पाणी. धुराचे हे तीन कोड होते आणि ते वाचायला चार्जिंग लागत नसे.

आता धूर नाही, दिवा आहे. पिवळसर, इंजिनाच्या चित्राचा. चित्र नळाच्या तोटीसारखं दिसतं असंही काहींचं मत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी चावी फिरवली, इंजिन पहिल्या हिसक्यात सुरू झालं, नारळ फुटला, आणि पेढ्याचा पुडा उघडायच्या आत तो दिवा लागला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ठरावीक आरपीएमच्या वर रेस घेईना. कॉम्प्युटरनं स्वसंरक्षणार्थ तिला लंगडं करून ठेवलं होतं. स्कॅनर लावला, तर नऊ कोड.

कोडचं व्याकरण मात्र सुरेख आहे, पाणिनीला आवडलं असतं. पहिलं अक्षर खातं सांगतं: पी आलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, आणि यू आलं तर गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले. यू ०१०० हा कोड सांगतो, की इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. थोडक्यात घरात अबोला आहे. त्यानंतरचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समाईक, एक असेल तर कंपनीचा खासगी. पुढचा आकडा पोटखातं: १ आणि २ हवा-इंधनाचे, ३ जळण्याचा, ४ धुराच्या बंदोबस्ताचा, ५ वेगाचा. नानांच्या उणे चाळिसाचा कोड पी ०११८. तीच तार अधांतरी राहण्याऐवजी बॉडीला टेकली असती तर पी ०११७ आला असता, आणि गाडीला आपण उकळतोय असं वाटलं असतं. ही सगळी भाषा अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून सक्तीची झाली. तिची सुरुवात कॅलिफोर्नियाच्या धुरातून झाली होती. साक्रीपर्यंत यायला तिला वेळ लागला, पण आली ती पूर्ण लवाजम्यासह.

या भाषेचा साक्रीतला पहिला दुभाषी म्हणजे ब्लूटूथचं काडेपेटीएवढं निळं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात ते खोचायचं आणि मोबाईलवर ॲप उघडायचं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीची, नाव ईएलएम ३२७. बाजारातली बहुतेक यंत्रं त्या चिपची नक्कल. गंमत अशी, की यांतल्या कित्येकांवर 'आवृत्ती १.५' असं छापलेलं असतं आणि मूळ कंपनीनं १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही. जिची अस्सल प्रत जन्मालाच आली नाही अशी नक्कल जगभर विकली गेली, आणि तीच नानांना सांगत होती, की तुमच्या इंजिनाच्या ओळखीत गडबड आहे.

दुचाकीवाल्यांची तऱ्हा तर आणखी निराळी. काही मॉडेल्सवर स्कॅनर नसला तरी चालतं. दिवाच मिचकावून आकडा सांगतो. लांब मिचकावणी दहाची, आखूड एकाची. भर चौकात एक माणूस स्कूटरसमोर उकिडवा बसून तोंडानं "दहा, वीस, एकवीस" करतोय असं दिसलं तर त्याला कोणी हाक मारू नये. मध्येच चुकला, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

नऊ कोड म्हटल्यावर गॅरेजात नऊ मतं तयार झाली. सर्वात ठाम मत स्पेअर पार्टच्या दुकानातून आलेल्या पोराचं: ज्या ज्या सेन्सरचं नाव आलंय तो तो बदलून टाकायचा. हे मत महाराष्ट्रभर लोकप्रिय आहे, आणि दुकानं त्यावरच चालतात.

वस्तुस्थिती अशी, की कॉम्प्युटरचा कारभार पोलीस ठाण्यासारखा आहे. पहिल्यांदा काही खटकलं, की बहुतेक बाबतीत तो नुसती एनसी लिहून घेतो, दिवा लावत नाही. पुढच्या फेरीत तेच घडलं, की गुन्हा दखलपात्र होतो आणि दिवा पेटतो. सोबत पंचनामा: त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनावर लोड किती, पाणी किती तापलेलं. सगळं टिपून ठेवलेलं. पण जे नोंदवलं गेलं ती फिर्याद असते, आणि फिर्यादीत ज्याचं नाव पहिलं येतं तो बऱ्याचदा फक्त बोंब मारणारा असतो. नानांच्या यादीत पी ०१०१ होता: आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा हिशेब जुळत नाही. हिशेब खरंच जुळत नव्हता, कारण त्याच्या पुढच्या रबरी पाइपाची क्लिप कालच्या घाईत अर्धीच आवळली गेली होती. सेन्सरनं मोजलेली हवा एक आणि इंजिनानं घेतलेली हवा दुसरी. सेन्सर प्रामाणिकपणे सांगत होता, की पुढे गळती आहे; आणि गॅरेज त्याच्याच निलंबनाचा आदेश टाइप करत होतं.

चार कोड तर एकाच माळेचे होते. कॉम्प्युटरकडून निघालेली पाच व्होल्टची एक तार अनेकदा तीन-चार सेन्सरांना मिळून वीज देते. हे साक्रीत समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. गाड्यांचं वायरिंग बघणारा वायरमन एवढंच म्हणाला, "एका डीपीवर चार मोटरी." शिवारात एका शेतकऱ्याची केबल जळाली, की चौघांचं पाणी बंद पडतं आणि चौघंही आपापली मोटर खोलून बसतात, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वायरमननं एकेक सेन्सरचा कपलर काढत नेला. तिसरा काढला आणि बाकीचे तीन जिवंत झाले. शॉर्ट तिथे होता, आणि त्या तिसऱ्याचं नाव यादीत सगळ्यात खाली होतं.

कपलर हा या कामातला स्वतंत्र अध्याय आहे. चौथी पास इंजिनाचे काही कपलर तिसरीतल्या वायरिंगला बसत नाहीत. साक्रीत मात्र कपलर बसत नाही असं होत नाही, तो बसवला जातो. मग दोन पिनांच्या जागी तीन पिना, एका तारेचा रंग पिवळा तर समोरची पांढऱ्या पट्ट्याची, आणि मध्ये काळ्या चिकटपट्टीचं लांबलचक बारसं. नानांचं उणे चाळीस इथेच जन्मलं होतं. तार जोडलेली होती, पण भलत्याच पिनेला.

यापुढचा प्रकार मिस्तरीला खरोखर अपमानास्पद वाटला. कॉमन रेल डिझेलचे नोजल एकाच साच्यातले असले तरी फवारा केसभर कमी-जास्त मारतात. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते आणि त्याचा स्वभाव सांगणारा कोड बहुतेक बनावटींत त्याच्या डोक्यावरच कोरतात. इंजिन बदललं, की हे चार कोड नव्यानं कॉम्प्युटरला सांगायचे, नाहीतर तो जुन्या नोजलांच्या स्वभावानुसार नव्यांना हुकूम देत राहतो आणि इंजिन टकटक करतं. मिस्तरीनं रॉकेलचा बोळा फिरवला, नानांनी चष्मा लावला, आणि दुसऱ्या नोजलवर दोघांचं भांडण झालं. नाना म्हणत 'ओ', मिस्तरी म्हणे 'शून्य'. शेवटी नववीतल्या एका पोरानं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं फोटो मोठा करून दाखवला. 'क्यू' होता.

नानांची सोयरीक निदान एकाच घराण्यातली होती. घराणंच वेगळं असेल, तर त्रास दातांपर्यंत जातो. क्रँकवर एक दातेरी चाक असतं. बॉशच्या प्रचलित पद्धतीत साठ दातांची जागा आणि त्यांतले दोन मुद्दाम गायब. ते रिकामं खिंडार समोरून गेलं, की कॉम्प्युटरला कळतं क्रँक कुठे आहे. फोर्डच्या पद्धतीत छत्तीसांतला एक गायब. साठातले दोन शोधणाऱ्या कॉम्प्युटरसमोर छत्तिसातला एक फिरवला, तर तो शोधतच राहतो, ठिणगी नाही आणि डिझेलही नाही. इंजिन यंत्र म्हणून ठणठणीत, फक्त दवाखान्यात दुसऱ्याचा एक्स-रे लागलेला.

आणि चावी! तिच्या प्लॅस्टिकमध्ये चिप, ती ओळखणारं एक खोकं, आणि त्याच्याशी आधीच शपथा घेतलेला ईसीएम. इंजिनाबरोबर सुरतेचा ईसीएम आणला, तर तो सुरतेचीच चावी मागतो. कोड पी ०५१३: चावी चुकीची. पन्नास किलोमीटरवर धुळ्याला कंपनीच्या यंत्रावर नेऊन ओळख करून द्यायची तर गाडी चालत नाही, कारण ओळख झालेली नाही. नाना या पेचातून वाचले ते केवळ जुना ईसीएम ठेवल्यामुळे. त्यांनी तो काटकसर म्हणून ठेवला होता. आता सगळीकडे दूरदृष्टी म्हणून सांगतात.

सायंकाळपर्यंत नऊचे तीन झाले. उरलेले तिन्ही येत आणि जात. हॉर्न वाजवला की एक येई, हेडलाइट लावला की दुसरा. गॅरेजात बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू झाली. एकानं लिंबू आणायची तयारी दाखवली. वायरमननं मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाला टेकवली, स्टार्टर मारायला सांगितला आणि आकडा बघून मिस्तरीकडे नुसतं पाहिलं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत एक जाड विणलेली अर्थिंगची पट्टी लागते. ती पट्टी मागच्या पत्र्याला लोंबकळत होती. दुसऱ्या टोकाचा नट मिस्तरीच्या शर्टाच्या खिशात, विड्यांच्या बंडलाबरोबर.

कोडांची छापील यादी हजारांत जाते. 'अर्थिंग लावायचं राहिलं' असा कोड तिच्यात नाही.

नट बसला, तिन्ही कोड गेले. पुसून टाकायला ॲपवर एक बटण असतंच, आणि बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवण्याची गावठी पद्धतही जुन्या गाड्यांत चालते. कोणी बटण न दाबता वाट बघायची म्हटली, तर त्याचाही नियम आहे. सलग तीन फेऱ्या तक्रार आली नाही की दिवा आपोआप विझतो, पण नोंद तशीच राहते. थंड इंजिन सुरू करून पाणी किमान २२ अंशांनी तापलं आणि सत्तरेक अंशांवर पोचलं, की एक फेरी. अशा ४० फेऱ्यांनंतर नोंद जाते. धुळ्याच्या चाळीस वाऱ्या. तेवढ्यात माणसाला जामीन मिळतो, असं नाना म्हणाले.

गाडी रस्त्यावर आल्यावर मात्र एक नवा कोड आला आणि तो कोणी हलवू शकलं नाही: पी ०५००, गाडीचा वेग कळत नाही. इंजिनाबरोबर आलेला गिअरबॉक्स एबीएसवाल्या गाडीचा होता. तिथे वेग चाकांवरचे सेन्सर सांगतात, म्हणून गिअरबॉक्सला वेगाचा सेन्सर नाही. नानांच्या गाडीला एबीएस नाही. परिणामी वेगाचा काटा शून्यावर आणि किलोमीटरही जागच्या जागी. परवा गाडी सुरतेला जाऊन आली. तिच्या स्वतःच्या मते ती अजून साक्रीतच उभी आहे. वायरमन म्हणतो, जुना गिअरबॉक्स परत चढवू. नाना म्हणतात, राहू द्या, विकायच्या वेळी उपयोगी पडेल. हे ते गमतीनं म्हणतात, असं धरून चालायचं.

कागदाचं कामही बाकी आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. ज्यांच्याकडे किमान दहा वाहतूक वाहनं आहेत, त्यांना राज्य सरकार त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी न विचारता बसवण्याची मुभा देऊ शकतं. पण त्यांनीही चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचंच. नानांकडे एक मोटार, एक ट्रॅक्टर आणि दोन म्हशी. दहाचा आकडा कसाही मोजला तरी भरत नाही. आरसीवर छापलेला इंजिन नंबर एक आणि ब्लॉकवर कोरलेला दुसरा, अशा गाडीचा उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीचा माणूस स्कॅनर न लावताच कोड वाचतो.

गाडीत कॉम्प्युटरच नसेल तर? तोही प्रयोग महाराष्ट्रानं केलाय. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून दुचाकीच्या इंजिनावर चालणारी छोटी जीप बनवली, खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि ती सुरू व्हायची किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि सोबत हेही लिहिलं, की ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल, तेव्हा तिच्या बदल्यात आपण बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली. त्या छोट्या जीपमध्ये एकही सेन्सर नव्हता, म्हणून तिला एकही कोड आला नाही. बोलेरोत मात्र सोळा पिनांचं सॉकेट आहे.

नानांची गाडी गेल्या आठवड्यात बाजारात उभी होती. दिवा लागलेला नव्हता. वायरमनला विचारलं, तर त्यानं मान दुसरीकडे वळवली. दिवा घालवायचे दोन मार्ग असतात: एक, दोष काढणं, दोन, डॅश उघडून दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणं. तिसरा मार्ग जरा कलाकुसरीचा आहे, दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडायची, की दोन्ही एकदम लागतात आणि एकदम विझतात. पीयूसीवाला नळी धुराड्यात घालतो, डॅशकडे बघत नाही, त्यामुळे तिथेही काही अडत नाही.

तेव्हा वापरलेली गाडी बघायला जाणाऱ्यानं सीटचं कव्हर आणि म्युझिक सिस्टिम नंतर बघावी. आधी चावी इंजिन सुरू न करता नुसती फिरवावी. नळाच्या तोटीसारखा तो पिवळा दिवा तेव्हा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या दिव्याच्या तालावर न नाचता आपल्या वेळेनं विझला पाहिजे. मग बॉनेट उघडून ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघावा. दिवा लागलाच नाही, तर गाडीवाल्याचा चहा घ्यावा, भावाची चर्चा करू नये, आणि एसटीनं घरी यावं.